घडीच्या चाकूंचा संग्रह: सुरुवात कशी करावी?

प्रश्न (चिपळूण):
आजोबांच्या पेटीत मला शिंगाच्या मुठीचा एक घडीचा चाकू सापडला. पात्यावरचा शिक्का अर्धवट पुसला आहे, पाते काळसर पडले आहे, तरीही ते मिटताना मुठीत इतके नेमके बसते की तेव्हापासून असे चाकू जमवावेत, असे मनाने घेतले आहे. पहिला चाकू कोणता घ्यावा, कायद्याची अडचण येते का आणि कोकणातल्या पावसाळ्यात पाती कशी राखावीत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आजोबांचा चाकू घासून लख्ख करून घेण्याचा विचार आहे.

प्रतिसाद 1 (पुणे):
कृपया तो घासू नका. कार्बन पोलादाच्या पात्यावर वर्षानुवर्षांच्या वापराने जो करडा-निळसर थर चढतो तो गंज नव्हे. उलट तो पात्याला काही प्रमाणात गंजापासून वाचवतो, आणि पॉलिश करताना तो थर तर जातोच, शिवाय उरलेला अर्धा शिक्काही जातो, ज्यावरून चाकू कोणी बनवला हे कधीतरी कळण्याची आशा असते. तांबूस, बोटाला लागणारा गंज असेल तर तेवढाच तेलात भिजवलेल्या कापडाने हळूहळू काढावा. नंतर शिवणयंत्राच्या तेलाचे बोट फिरवावे. जवसाचे तेल वापरू नये, ते वाळून चिकट होते. म्यानात घालायचा चाकू असेल तर तो चामड्याच्या म्यानात कधीही साठवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते.

प्रतिसाद 2 (ठाणे):
माझे मत असे की सुरुवातीला दहा प्रकारचे दहा चाकू घेण्यापेक्षा एकाच घराण्याच्या मागे लागावे. मी फ्रान्सच्या साव्वा प्रांतातल्या ओपिनेलपासून आरंभ केला. जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये घडवलेला हा साधा लाकडी मुठीचा चाकू पुढे 1 ते 12 क्रमांकांच्या आकारांत निघाला. त्यातले 1 आणि 11 नंतर बंद झाले. पाते जागेवर धरणारी फिरती कडी 1955 मध्ये आली, त्यामुळे जुन्या चाकूचा काळ ठरवताना ती कडी आहे की नाही हे आधी पाहतात. 8 क्रमांकाचे पाते सुमारे साडेआठ सेंटिमीटर असते आणि फळे कापायला ते उत्तम आहे. वापरल्याशिवाय चाकू कळत नाही, म्हणून पहिला चाकू कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात त्याची मूठ फुगून पाते अडकते. अशा वेळी नखाने ओढत न बसता मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर हलके ठोकावे, पाते थोडे बाहेर येते.

प्रतिसाद 3 (नागपूर):
कायद्याबद्दल लिहितो. केवळ घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामांसाठी बनवलेली पाती वगळता, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचे चाकू शस्त्र नियम 2016 नुसार धारदार शस्त्रांत मोडतात. छोटा चाकूही खिशात घेऊन हिंडू नये, कारण शहरांत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात. मात्र आपल्या बाबतीत मला मुठीची काळजी अधिक वाटते. ती सांबरशिंगाची असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 लागू होतो आणि तिची खरेदी-विक्री गुन्हा ठरते, हस्तिदंताचेही तसेच.

प्रश्नकर्ता:
मूठ काळी आणि गुळगुळीत आहे. सांबरशिंग ओळखावे कसे?

प्रतिसाद 3:
सांबरशिंग हे हाड असते. त्याची बाहेरची बाजू खडबडीत, खाचाखाचांची असते आणि कापलेल्या टोकाशी आतला भाग सच्छिद्र दिसतो. म्हशीचे शिंग एकसंध असते, आणि पातळ कडेला उजेडासमोर धरले तर बहुधा किंचित पारदर्शक भासते. आपल्या वर्णनावरून ते म्हशीचेच वाटते, परंतु शंका राहिल्यास वनविभागाच्या कार्यालयात दाखवून घ्यावे आणि तोवर तो कोणाला विकू वा देऊ नये.