महाविद्यालयातील तालमीची खोली : तिची उपयुक्तता कशी मांडावी?

प्रश्न : सांस्कृतिक समन्वयक

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी असलेल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि गेली नऊ वर्षे सांस्कृतिक विभागाचे काम पाहतो. आमच्या मुख्य इमारतीच्या मागे पत्र्याचे छप्पर असलेली एक लांबट खोली आहे. जुलै महिना लागला की तिथे युवक महोत्सवाची तयारी सुरू होते. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, समूहगीत, लोकनृत्य असे सगळे गट वेळा वाटून घेऊन तिथेच तालमी करतात. त्या खोलीत आता संगणक प्रयोगशाळा करावी असा प्रस्ताव आहे. संगणकांची गरज खरी आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. मात्र महाविद्यालय विकास समितीच्या पुढील बैठकीपूर्वी या खोलीची ‘शैक्षणिक उपयुक्तता’ दोन पानांत लिहून द्यावी, असे मला सांगण्यात आले आहे.

लिहायला बसलो की सभाधीटपणा, नेतृत्वगुण, ताणमुक्ती हेच शब्द पुढे येतात. ते खोटे नाहीत, परंतु वक्तृत्व स्पर्धेच्या किंवा गिर्यारोहण शिबिराच्या अहवालातही तेच असतात. बक्षिसांची यादी द्यावी, तर नऊ वर्षांत विद्यापीठ पातळीवर आम्हाला तीनच पारितोषिके मिळाली आहेत.

जे सांगावेसे वाटते ते निराळेच आहे. तीन वर्षांपूर्वी मुलांनी कालव्याच्या पाण्याच्या पाळीवर, म्हणजे कोणाच्या शेताला पाणी केव्हा मिळते यावर, एक एकांकिका स्वतः लिहिली. स्पर्धेत ती पहिल्या फेरीतच बाद झाली. नंतर त्यातल्याच एका मुलाच्या आग्रहावरून आम्ही ती त्याच्या गावात, देवळासमोरच्या पटांगणात केली. प्रयोग संपल्यावर लोक उठले नाहीत. कालव्याच्या शेपटाकडचे शेतकरी आणि मुखाकडचे शेतकरी, जे एरवी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यासमोर भांडतात, ते त्या रात्री मुलांना प्रश्न विचारत राहिले आणि मुले त्यांना उत्तरे देत राहिली. ती मुले त्यांचीच होती. पाणी त्यामुळे वाढले नाही, पाळीही बदलली नाही. तरीही आमच्या महाविद्यालयाने त्या वर्षी केलेल्या कामांत हे सर्वांत मोलाचे काम होते, असे मी आजही मानतो. उपयुक्ततेच्या टिपणात हे कसे मांडावे? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : प्रकाशयोजना

सर, मी पुण्यात अभियांत्रिकी शिकले आणि चार वर्षे आमच्या संघाची प्रकाशयोजना केली. रंगमंचावर मी एकदाही उभी राहिले नाही. तेव्हा सभाधीटपणाचा मुद्दा माझ्यापुरता बाद आहे आणि तो तुम्ही टिपणात मुख्य करू नये असे मला मनापासून वाटते.

तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला शब्द ‘खोली’ हा आहे. आमच्या महाविद्यालयात अशी खोली नव्हती. आम्ही वाहनतळावर तालमी करायचो आणि रात्री आठला सुरक्षारक्षक दिवे मालवायचा. मग तालीम कोणाच्या तरी भाड्याच्या सदनिकेवर जायची. तिथे गेल्यावर काय होते, हे मी चारही वर्षे पाहिले. पहिल्या आठवड्यात सात मुली असायच्या, तिसऱ्या आठवड्यात तीन उरायच्या. महाविद्यालयाच्या आवारात, शिक्षकांच्या माहितीने, ठरलेल्या वेळी तालीम आहे हे घरी सांगता येते. ‘एका मित्राच्या खोलीवर’ हे सांगता येत नाही. गुणवत्ता असलेल्या दोन मुलींच्या भूमिका आम्ही शेवटच्या आठवड्यात कापल्या आणि त्या दोघी परत कधीही आमच्यात आल्या नाहीत. माझे घर पुण्यातच होते आणि वडील न्यायला येत, म्हणून मी टिकले. तुमच्या तालुक्याच्या गावी तर शेवटची एसटी गाठायची असते. ती पत्र्याची खोली गेली तर कला बंद पडणार नाही, मुलांची कला चालू राहील आणि मुलींची थांबेल. हे वाक्य टिपणात पहिल्या परिच्छेदात असू द्या आणि त्यासोबत गेल्या नऊ वर्षांतील सहभागी विद्यार्थिनींची वर्षवार संख्या द्या. ती आकडेवारी तुमच्या हजेरीवहीत असणारच.

दुसरी गोष्ट शिक्षणाविषयी. ‘पुरुषोत्तम करंडक’ ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून घेते आणि तिच्या फेऱ्या भरत नाट्य मंदिरात होतात. तिथे आमची रंगीत तालीम मोजून काही मिनिटांत उरकायची असे. कोणता दिवा कुठे लागेल, एका जोडणीवर किती भार घालता येईल, संवादाच्या कोणत्या अक्षरावर अंधार होईल, हे सगळे आधी कागदावर बसवावे लागे. अंधार क्षणभर उशिरा झाला तर समोरच्या नटाचा सहा आठवड्यांचा प्रसंग पडतो आणि ते सगळ्या सभागृहाला दिसते. प्रयोगशाळेत माझे प्रात्यक्षिक चुकले तर माझे गुण जात. इथे माझ्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजायची असे. आज मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे हीच जाणीव रोज लागते आणि ती मला वर्गात मिळाली नव्हती.

उत्तर २ : धानपट्टी

मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. आपण पाण्याच्या पाळीचा जो प्रयोग सांगितला, तो वाचून मला परका वाटला नाही, कारण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या आमच्या झाडीपट्टीत नाटक हे गावाच्याच हिशेबाचे काम आहे. धानाची कापणी झाली, दिवाळी सरली की मंडई म्हणजे गावची जत्रा भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज येथे नाट्यमंडळांची कार्यालये ओळीने दिसतात आणि गावोगावची मंडळे तिथे जाऊन नाटक ठरवतात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. लेकी-जावयांना, पाहुण्यांना खास निमंत्रण असते. मुलामुलींची स्थळे पाहिली जातात, सोयरिकी जुळतात. लोक तिकीट काढून येतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याच्या इतर भागांतील अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द प्रथमच ऐकला असेल. आमच्याकडे मात्र त्यांच्या भूमिका पाहिलेल्या दोन पिढ्या एकाच घरात सापडतात.

हे मी अभिमान मिरवण्यासाठी लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते महाविद्यालयाविषयीच आहे. माझे काही माजी विद्यार्थी हंगामात रात्री नाटकात काम करतात, कोणी ऑर्गन वाजवतो, कोणी पडदे सांभाळतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतो. त्यांच्या महाविद्यालयात मात्र हे कोणाच्या लेखी नसते. कला म्हणजे युवक महोत्सवाच्या यादीत जे आहे ते, अशी समजूत झाल्यामुळे दंडार आणि खडीगंमत हे आमच्याकडचे लोकनाट्यप्रकार अंगात मुरलेला मुलगा तिथे ‘कलेची आवड : नाही’ असा अर्ज भरून देतो. असा अर्ज मी डोळ्यांनी पाहिला आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की खोलीचा बचाव विद्यार्थ्यांपुरता करू नका. तुमच्या परिसरात भजनी मंडळे असतील, सोंगी भारूड करणारे असतील, गणेशोत्सवात नाटक बसवणारी मंडळे असतील. वर्षातून काही दिवस ती खोली त्यांना द्या. महाविद्यालयाच्या आवारात गावातला माणूस प्रवेशासाठी किंवा दाखल्यासाठी येतो, म्हणजे काहीतरी मागायला येतो. भारूड करणारा माणूस तिथे द्यायला येईल आणि त्याचा मुलगा ते पाहील.

उत्तर ३ : रसायनशास्त्र विभाग

मी विरोधी बाजूने लिहितो, कारण आपल्या समितीत माझ्यासारखा एक तरी सदस्य असणार. मला कला आवडतात, परंतु दरवर्षी तेच वीस विद्यार्थी दोन महिने प्रात्यक्षिकांना गैरहजर राहतात आणि उरलेल्या शेकडो विद्यार्थ्यांनी त्या खोलीचे दार उघडलेलेही नसते. अनेक महाविद्यालयांत बाहेरून दिग्दर्शक आणून, त्याला मानधन देऊन एकांकिका ‘बसवून’ घेतली जाते. अशा ठिकाणी विद्यार्थी काय शिकतो, तर दुसऱ्याने सांगितल्याप्रमाणे उभे राहायला. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडक दिला नाही, तेव्हा मोठी खळबळ झाली. मला तो निर्णय योग्य वाटला होता. विज्ञानात प्रयोग फसला तर आपण तसे लिहितो, कलेतही तसे लिहिण्याचे धैर्य हवे.

आपली पाण्याच्या पाळीची एकांकिका मला पटली, आणि ती पटण्याचे कारण ती मुलांनी स्वतः लिहिली हे आहे. तेव्हा टिपणात स्वतःवर अटी घालून घ्या. संहिता विद्यार्थ्यांची किंवा त्यांनी स्वतः निवडलेली असेल, बाहेरचा दिग्दर्शक नसेल, तालमी प्रात्यक्षिकांच्या वेळेत होणार नाहीत आणि प्रत्येक प्रयोग स्पर्धेइतकाच गावातही होईल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने केलेल्या श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात सहअभ्यासक्रमीय विषयांना श्रेयांक आहेत आणि त्यांत राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, योग यांच्याबरोबर सादरीकरणाच्या आणि दृश्य कलांचाही समावेश आहे. म्हणजे ही खोली यापुढे छंदाची जागा राहत नाही, ती एका श्रेयांकित विषयाची प्रयोगशाळा ठरते. समितीला हा मुद्दा सर्वांत लवकर कळेल. मला स्वतःला हे कारण दुय्यम वाटते, पण ते लिहायलाच हवे.

उत्तर ४ : करवीर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी गायक-नट संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभारलेली ती वास्तू जळताना पाहून रस्त्यावर उभी असलेली माणसे रडत होती, आणि त्यांत आयुष्यात कधी नाटकात काम न केलेलीच माणसे अधिक होती. रिक्षाचालक होते, भाजीवाल्या मावशी होत्या. कोणाचे शाळेचे स्नेहसंमेलन तिथे झालेले, कोणाच्या वडिलांनी तिथे गाणे ऐकलेले.

शाहू महाराजांनी नाट्यगृह आणि खासबागचे कुस्तीचे मैदान शेजारीशेजारी ठेवले. तालीम हा शब्द आपल्याकडे दोन्हींसाठी चालतो. पेठेतल्या तालमीच्या आखाड्यात उतरणारे मोजकेच असतात, तरी ती तालीम सगळ्या पेठेची असते. रसायनशास्त्राच्या सरांनी ‘वीसच विद्यार्थी’ असा हिशेब मांडला आहे, त्यावर माझे एवढेच म्हणणे आहे. बाकी त्यांच्या सर्व अटी मला मान्य आहेत.

पुन्हा, सांस्कृतिक समन्वयक

सर्वांचे आभार. काल रात्री हजेरीवह्या काढून बसलो. नऊ वर्षांत या खोलीत तालमी केलेल्यांपैकी जवळपास निम्म्या मुली आहेत. ज्या एका वर्षी खोलीचे छप्पर दुरुस्तीला काढले होते आणि तालमी एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर झाल्या होत्या, त्या वर्षाच्या पानावर दोनच मुलींची नावे आहेत. हे पान इतकी वर्षे माझ्या कपाटात होते आणि मी ते कधी या नजरेने पाहिले नव्हते.

टिपणाची सुरुवात आता त्या पानापासून करतो आहे. रसायनशास्त्राच्या सरांच्या अटी जशाच्या तशा घेतल्या आहेत. बाहेरचा दिग्दर्शक आम्हीही दोनदा आणला होता, तेही नोंदवले आहे. खोली गावातल्या मंडळांना देण्याबाबत प्राचार्यांशी तोंडी बोललो. विजेचा खर्च आणि किल्ली कोणाकडे राहील, हे दोन प्रश्न त्यांनी विचारले. खर्चाचे उत्तर माझ्याकडे अजून नाही. किल्ली मी स्वतःकडे ठेवीन, असे सांगून आलो आहे.

धानपट्टीच्या सरांना एक विनंती आहे. प्रवेश अर्जात कलेविषयीचा रकाना कसा असावा, म्हणजे दंडार करणारा मुलगा तिथे ‘नाही’ लिहिणार नाही, याचा मसुदा आपण मला लिहून पाठवावा. आमच्याकडेही तोच छापील अर्ज आहे.