आईला टीबी, त्यात आता फ्लू. गोळ्या चालूच ठेवायच्या ना?

मिरजेची लेक
आईला फुप्फुसाचा टीबी आहे, चार औषधांचा पहिला टप्पा चालू आहे. खोकला बराच उतरला होता. आता सणकून ताप, अंग मोडून आलंय. तपासणीत इन्फ्लुएंझा निघाला. ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध सुरू झालंय. मावशी म्हणते, ताप उतरेपर्यंत टीबीच्या गोळ्या थांबव. मला ते पटत नाही, पण आई दोन घासही खात नाही हो. यातून कुणी गेलंय का?

नंदू, सातारा
ताई, मनाने बंद करू नका. मला टीबी असतानाच कोविड झाला होता, गोळ्या चालूच होत्या. मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. माझी अडचण वेगळी होती. टीबीच्या चार औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे यकृत इतर बरीच औषधं भराभर मोडून टाकतं, म्हणून कोविडचं पॅक्सलोविड त्याच्यासोबत देत नाहीत. ओसेल्टामिविरला ती अडचण नाही. तरी फ्लूचं औषध देणाऱ्या डॉक्टरांना टीबीचे कागद दाखवाच.

वॉर्डातली सिस्टर
लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे, त्याला घाबरू नका. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, धाप लागली किंवा थुंकीत रक्त आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे महिना १००० रुपये खात्यात येतात का?

मिरजेची लेक
नाही, बँक खातं जोडायचं राहिलंय. उद्याच आरोग्य केंद्रात जाते. डॉक्टरांनीही गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या.