उत्तर: अनुदान फक्त विद्यापीठांनाच?

"अमेरिकेत शेती संशोधनाचा पैसा विद्यापीठांत जिरतो, शेतकऱ्याच्या हाती फक्त पत्रकं", असं इथे एकाने म्हटलंय. ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण 'सेअर'ला (SARE, शाश्वत शेतीच्या संशोधन आणि शिक्षणासाठीचा अमेरिकेचा अनुदान कार्यक्रम) ते लागू करू नका. 1988 पासून केंद्राच्या कृषी खात्याच्या पैशावर चालणारा हा कार्यक्रम चार विभागांत वाटलेला आहे आणि कुणाला अनुदान द्यायचं हे वॉशिंग्टन नाही, विभागाचं मंडळ ठरवतं. त्या मंडळावर शेतकरीही असतात. शिवाय शेतकऱ्याने स्वतःच्या रानात स्वतःचा प्रश्न घेऊन प्रयोग करावा यासाठी वेगळं अनुदान आहे. जमीन घ्यायला किंवा नवी शेती उभी करायला मात्र त्यातून पैसे मिळत नाहीत.

मी मिनेसोटात राहतो. इथल्या एका शेतकऱ्याने याच अनुदानातून राय (गव्हासारखं एक तृणधान्य, इथे जमीन झाकायला लावलेलं) आडवी पाडून तिच्यातच सोयाबीन पेरलं होतं. शिवारफेरीला आम्ही वीसेक जण गेलो. त्याने आधी चांगला पट्टा दाखवला नाही, फसलेला दाखवला! रायचा थर बोटांनी बाजूला केला तर पेरणीची चीर उघडीच, बी वर आलेलं, काही पाखरांनी नेलेलं. "पेरणी यंत्राला वजन कमी पडलं," एवढंच म्हणाला. हे सगळं त्याला अहवालातही लिहावं लागलं आणि तो अहवाल कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतो. आपल्याकडच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर फसलेला वाफा कुणी मुद्दाम दाखवल्याचं मला तरी आठवत नाही.