मदत हवी आहे: 'तू त्यांचाच' याला उत्तर काय द्यायचं?

आम्ही मालवणचे, घर रापणकरांचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचं. परवा बैठकीत मी एवढंच म्हटलं, की १ जून ते ३१ जुलैची ६१ दिवसांची मासेमारीबंदी १५ ऑगस्टपर्यंत न्यावी. काका उसळले, "ह्याच तो पर्ससीनवालो बोलता. किती पैशे दिल्यान तुका?" (पर्ससीन म्हणजे यांत्रिक बोटीवरचं, मासळीचा थवा घेरणारं मोठं जाळं.) झालं! मासळीच्या विणीचं कोणी बोलेचना. वर 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या' आहेच. बोलणारा कोण यावरून मुद्दा खोटा कसा ठरतो?

गंमत म्हणजे, प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी ओढून पकडणं नको, असं काकांसारखंच तो पर्ससीनवालाही म्हणतो (२०१७पासून बंदी आहेच, कागदावर). मग काकाही त्याचेच? असं तोंडावर विचारलं तर गणपतीत घरी अबोला. वडीलधाऱ्यांचा मान राखून गाडी मुद्द्यावर कशी आणता तुम्ही?