मदत हवी आहे: इस्राएलमधली इंग्रजी बोलणारी धार्मिक वस्ती कशी निवडावी? (रानाना, मोदीईन, बेत शेमेश की दिमोना)

शालोम आणि नमस्कार मंडळी.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. घरात मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. आलियाचे (इस्राएलला कायमचं जाण्याचे) कागद ज्यूइश एजन्सी या संस्थेकडे दिलेत, पुढच्या उन्हाळ्यात निघायचं ठरतंय. जायचं की नाही हा प्रश्न घरात मिटला आहे, त्यावर कृपया चर्चा नको. अडलंय ते राहायचं कुठे यावर.

आम्ही शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि कोशर (खाण्यापिण्याचे धार्मिक नियम) पाळतो. मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. हिब्रू वाचता येतं, प्रार्थना तोंडपाठ आहेत, पण बोलता येत नाही. धाकट्याची मला काळजी नाही, तो सहा महिन्यांत गल्लीत खेळून शिकेल. मुलीचं तसं नाही. ती जाईल तेव्हा दहावीच्या तोंडावर असेल आणि तिकडे त्याच वर्षांत बगरुतच्या (शालान्त) परीक्षा सुरू होतात. भाषा शिकता शिकता त्या भाषेत इतिहास आणि तनाखचे (यहुदी बायबलचे) पेपर लिहायचे! निदान मधल्या सुट्टीत तरी तिच्याशी बोलणाऱ्या दोनचार मुली असाव्यात, एवढ्यासाठी इंग्रजी बोलणारी वस्ती शोधते आहे.

आतापर्यंत जे कळलं ते असं. रानानात दक्षिण आफ्रिका, ब्रिटन, अमेरिकेतून आलेले खूप, शाळा चांगल्या, पण भाडं आम्हाला झेपणार नाही. एफ्रातबद्दल सगळे चांगलं बोलतात, पण ते १९६७ च्या सीमेपलीकडे, वेस्ट बँकेत आहे आणि नवऱ्याची तिथे राहायची तयारी नाही. उरलं मोदीईन आणि बेत शेमेश. बेत शेमेशमध्ये मोहल्ल्यागणिक वातावरण बदलतं म्हणतात. काही भाग पूर्ण हरेदी (अतिकर्मठ), काही आमच्यासारख्या नोकरीधंदा करणाऱ्या धार्मिक लोकांचे. बाहेरून हे कसं ओळखायचं?

आमचे सगळे नातेवाईक दिमोना आणि अश्दोदला. तिकडे मराठी कानावर पडतं, नवस फेडायला मलिदा (पोह्यांचा प्रसाद) होतो, प्रेषित एलियाहू हन्नावीचं गाणं म्हणायला दहा बायका जमतात. सासूबाईंचा जीव तिकडेच रमेल. पण मुलीशी इंग्रजीत बोलणारं तिथे कोण भेटणार?

आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. आपल्या प्रार्थना सेफार्दी (स्पेन-मध्यपूर्वेकडच्या यहुद्यांच्या) पद्धतीच्या. इंग्रजी बोलणाऱ्या वस्त्यांत बहुतेक सिनेगॉग अश्केनाझी, म्हणजे युरोपीय यहुद्यांचे. चाली वेगळ्या, उच्चार वेगळे. पेसाखच्या सणाच्या आठवड्यात आपल्याकडे भात असतो, त्यांच्याकडे तांदूळ-डाळी वर्ज्य. मुलांच्या मित्रमैत्रिणींनी आमच्याकडे जेवायचं की नाही इथपासून प्रश्न. आणि खरं सांगायचं तर भीती त्याहून जुनी आहे. १९६२ मध्ये इस्राएलच्या रब्बी (धर्मगुरू) मंडळाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करा असा आदेश काढला होता. लोकांनी धरणं धरलं, १९६४ मध्ये क्नेसेटला (संसदेला) ठराव करावा लागला, तेव्हा कुठे ते थांबलं. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीने ते दिवस तिथे काढलेत. माझ्या मुलीला "तुम्ही खरे यहुदी का" असं कोणी विचारू नये, एवढंच मला हवंय.

ज्यांनी मुलांना घेऊन असा निर्णय घेतला आहे, त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, गाव नंतर निवडा, आधी शाळा. इस्राएलमधल्या शाळांत साधा सरकारी, सरकारी-धार्मिक आणि हरेदी असे प्रवाह असतात. तुम्ही वर्णन केलंत त्यावरून सरकारी-धार्मिक शाळा तुमच्यासाठी. हरेदी मुलग्यांच्या पुष्कळ शाळांत गणित, इंग्रजी फार थोडं शिकवतात, धाकट्याचा विचार करून ठेवा. बेत शेमेशचा मोहल्ला ओळखायचा सोपा मार्ग हाच: तिथली मुलं कोणत्या प्रवाहाच्या शाळेत जातात ते विचारा. रामात बेत शेमेश अलेफ आणि शाइनफेल्ड इथे तुम्हाला हवे तसे इंग्रजी बोलणारे बरेच आहेत. मोदीईनमध्ये बुखमान भाग बघा.

मुलीसाठी शाळेला थेट विचारा: नव्याने आलेल्या मुलांना आठवड्याला हिब्रूचे जादा तास किती, आणि सध्या त्यांच्या वर्गात अशा किती मुली आहेत. बगरुतमध्ये नवागत विद्यार्थ्यांना सवलती असतात, त्याचंही विचारून घ्या.

शब्बाथला बहुतेक शहरांत बस-ट्रेन बंद. तेव्हा घर घेताना सिनेगॉग सासूबाईंच्या पावलांनी किती लांब आहे ते मोजा, तुमच्या नाही. पहिलं वर्ष भाड्यानेच राहा.

प्रतिसाद २

मी बेर शेवात राहते, आम्हीही कोकणातलेच. भाताची काळजी सोडा. या देशात पुष्कळ लोक पेसाखला भात खातात, अश्केनाझी शेजाऱ्यांना त्याची सवय आहे. मोदीईनसारख्या शहरात सेफार्दी मिन्यानही (प्रार्थनेला जमणारे गट) असतात, थोडं चालावं लागेल इतकंच. माझा मुलगा शाळेत अश्केनाझी चालीवर म्हणतो, घरी आपल्या. दोन्ही येतात त्याला.

लग्नाच्या नोंदणीला आईवडिलांची कतुबा (धार्मिक लग्नाचा करार) विचारतात. तुमची आणि सासूबाईंची मूळ प्रत, शिवाय तुमच्या सिनेगॉगचं पत्र घेऊन या. ते हातात असलं की पुढे मुलीच्या वेळी अडचण कमी होते. १९६४ ची आठवण आमच्याही घरात आहे, म्हणून आग्रहाने सांगते.

दिमोना मात्र एवढ्यात पूर्ण बाद करू नका. मोदीईनहून गाडीने दीडेक तास. सण तिकडे, शाळा इकडे, असं पुष्कळ जण करतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंच्या पावलांनी मोजायचं हे सुचलंच नव्हतं, आज त्यांना वाचून दाखवलं. कतुबा कपाटातून काढून ठेवली, सिनेगॉगच्या पत्रासाठी उद्या बोलते. सध्या मोदीईन पहिलं, शाइनफेल्ड दुसरं. सुकोथच्या सणानंतर नवरा एकटा जाऊन दोन्हीकडे एकेक शब्बाथ राहून येणार आहे. बुखमानमध्ये सेफार्दी मिन्यानच्या जवळ कोणी त्याला शब्बाथपुरतं ठेवून घेईल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मुलगी विचारते आहे, तिथल्या शाळेतली दहावीतली एखादी मुलगी तिच्याशी आधीच फोनवर बोलेल का?