मदत हवी आहे : कम्युनिस्ट आणि फॅसिस्ट हुकूमशाहीत नेमका फरक काय?

तळ्यातमळ्यात : उद्या द्यायचं आहे, लवकर सांगा. माझं लिखाण 'ही साम्यं झाली, फरक कुठे आहे?' असा शेरा मारून परत आलंय. एकच पक्ष, गुप्त पोलीस, छावण्या, जिकडेतिकडे नेत्याच्या तसबिरी. मला दोन्ही सारख्याच दिसतात. 'एक डावी, एक उजवी' हे नको, तेवढं माहीत आहे.

रातकिडा : काय द्यायचंय? निबंध की भाषण? देश कोणते घेतलेत?

जुनी_वही : मालमत्तेपासून सुरुवात करा, बाकीचं त्यातून उलगडतं. रशियात कारखाने सरकारचे झाले, १९२९ पासून जमिनी सामूहिक शेतीत ओढल्या, 'कुलाक' म्हणजे सधन शेतकरी ठरवून लाखोंना हद्दपार केलं. १९३२-३३ मध्ये युक्रेनात लाखो माणसं अन्नावाचून मेली. जर्मनीत मात्र क्रुपचे पोलाद आणि शस्त्रांचे कारखाने क्रुप घराण्याकडेच राहिले. मोडल्या त्या कामगार संघटना. २ मे १९३३ ला त्यांची कार्यालयं ताब्यात घेतली.

सडेतोड : हिटलरच्या पक्षाच्या नावातच 'समाजवादी' होतं की! म्हणजे तो समाजवादीच.

जुनी_वही : नावावर जाऊ नका. पक्षात ज्यांनी तो शब्द मनावर घेतला होता, त्यांतल्या ग्रेगोर श्ट्रासरला १९३४ मध्ये ठार केलं. दाखाउच्या छावणीत आधी कोंडले तेही कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट.

सडेतोड : आणि मुसोलिनी समाजवाद्यांचं वृत्तपत्र चालवत होता, त्याचं काय?

जुनी_वही : १९१४ मध्ये त्याच पक्षाने त्याला हाकललं, त्याचं काय?

पाऊलवाट : भांडू नका हो, त्यांना उद्या द्यायचंय. मी सांगेन, सत्ता कशी आली ते पाहा. बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांनी, १९१७ मध्ये ती बळाने घेतली आणि जुनं सगळं उपटून टाकलं. १९३१ मध्ये मॉस्कोचं मोठं कॅथेड्रल सुरुंग लावून पाडलं. मुसोलिनीला १९२२ मध्ये राजानेच पंतप्रधान केलं, आणि १९२९ मध्ये त्याने पोपशी करार केला. जुनी माणसं जागेवर राहिली, म्हणून १९४३ मध्ये त्याच राजाला त्याला घरी बसवता आलं. स्टालिनला हटवू शकेल असं बाहेरचं कोणी उरलंच नव्हतं.

रातकिडा : पूर्व युरोपात कुठे क्रांती झाली? तिथे बहुतेक ठिकाणी रशियाची लाल सेना आली, मागोमाग सत्ता आली.

आभाळवेडा : स्पेनच्या फ्रँकोला फॅसिस्ट म्हणू नका. तो आधी लष्करशहा. १९७५ पर्यंत टिकला तो त्यामुळेच.

तळ्यातमळ्यात : फ्रँकोचं कोणी विचारलं नाही! निबंध आहे, ८०० शब्द, पदवीचं पहिलं वर्ष. जर्मनी आणि रशिया. शत्रू कोण, यावर कोणीच कसं बोलत नाही?

पाऊलवाट : देश आधी सांगितले असते तर इटली आणलीच नसती. नाझींचा शत्रू रक्तावरून ठरायचा. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनंतर आजी-आजोबांतले किती ज्यू, हे मोजत. बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही. कम्युनिस्टांचा शत्रू वर्गावरून, निदान सिद्धांतात तरी.

रातकिडा : निदान सिद्धांतात! १९३७-३८ मध्ये सोव्हिएत संघात सुमारे ६ लाख ८० हजार जणांना मृत्युदंड दिला. त्यात पोलिश लोकांसाठी वेगळी मोहीम होती. १९४४ मध्ये तर कॉकेशसमधल्या चेचेन लोकांना अख्खंच्या अख्खं उचलून मध्य आशियात नेलं. तिथे कुठला वर्ग पाहिला?

पाऊलवाट : मान्य. पण त्यासाठी त्यांना 'हेर', 'देशद्रोही' असं काहीतरी कारण पुढे करावं लागलं. नाझींच्या लेखी जन्म हाच गुन्हा होता, आणि तसं कायद्यात लिहिलेलं होतं. तुमचा फरक इथे आहे.

तळ्यातमळ्यात : हेच हवं होतं! मग मालमत्ता आधी घेऊ की शत्रू?

जुनी_वही : मालमत्ता.

रातकिडा : शत्रू. आणि चेचेन गाळू नका.