खोकं टाकू नका

"चोरीला गेलेला फोन विसरायचा, तक्रारीचा काही उपयोग नाही" असं अनेकदा म्हटलं जातं. अर्धंच पटलं. गेल्या पावसाळ्यात स्वारगेटला बसमध्ये चढताना माझा फोन मारला. चौकीत पहिला प्रश्न, "हरवला की चोरीला गेला?" हरवला लिहिलं की त्यांचं काम हलकं! मी हट्टाने चोरीच लिहायला लावली.

मे २०२३ पासून सीईआयआर (चोरीचे, हरवलेले फोन बंद करणारी सरकारी यंत्रणा) देशभर सुरू आहे. तक्रारीची प्रत आणि १५ आकडी आयएमईआय (प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा क्रमांक) भरला की तो हँडसेट भारतातल्या नेटवर्कवर बंद. मात्र ओटीपीसाठी आधी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घ्यावं लागतं, आणि त्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. म्हणजे एक दिवस चोराचा.

आयएमईआय सापडला माळ्यावर ठेवलेल्या फोनच्या खोक्यावर. (हे खोकं दर दिवाळीत रद्दीत निघायचं, मीच अडवायचो.) खोकं नसेल तर आत्ताच *#०६# दाबून आकडा वहीत उतरवा. बाकी ॲपलने २०२० मध्ये पर्यावरणाच्या नावाखाली चार्जर काढून खोकं बारीक केलं, इतरांनी आधी टिंगल केली आणि मग तीच री ओढली. क्रमांक तेवढा अजून छापतात.

फोन? नाही मिळाला.